टोपली, भोपळा आणि जाकीट

महाभारताच्या वनपर्वात कर्णजन्माची कथा आली आहे. कुमारी कुंतीने आपल्या नवजात पुत्रास एका पेटीत निजविले, पेटीच्या फटी मेणाने लिंपून घेतल्या आणि ती पेटी रडत रडत अश्वनदीच्या प्रवाहात सोडून दिली. तेथून ती चर्मण्वतीत, चर्मण्वतीतून यमुनेत व यमुनेतून गंगेत वाहत गेली, आणि शेवटी चंपानगरीपाशी अधिरथ सूत व त्याची पत्नी राधा यांच्या हाती लागली. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात मोशेची कथा अशीच आहे. तेथे टोपली लव्हाळ्याची असून तिला बाहेरून डांबर व राळ फासलेली आहे. अक्कडचा राजा सार्गन याच्याविषयीही इराकातील जुन्या मृत्तिकालेखांत असेच सांगितले आहे की, आईने त्याला बोरूच्या टोपलीत घालून, तिचे झाकण डांबराने बंद करून नदीत सोडले, व अक्की नावाच्या पाणक्याने त्यास वर काढून वाढविले.

या तिन्ही कथांतील दैवाचा भाग बाजूस ठेवला, तरी कारागिरीचा भाग उरतोच. तिन्ही ठिकाणी मूल पाण्यावर आहे, पाण्यात नाही. त्याच्या अंगाला थेंबही लागू नये यासाठीच मेण, डांबर, राळ यांची योजना आहे. म्हणजे त्या पेट्या व टोपल्या वस्तुतः लहान होड्याच होत. मोशेच्या कथेत आणखी एक तपशील आहे, आणि तो कथाकाराने उगाच घातलेला दिसत नाही. टोपली लव्हाळ्यांत ठेवल्यावर मुलाची थोरली बहीण दूर उभी राहून तिच्यावर नजर ठेवून होती.

मुलाला असे कोरडे न ठेवता पाण्यातच उतरवावे, आणि तेथे त्याला बुडू न देणारे काही तरी त्याच्या अंगावर बांधावे, हा विचार निराळा आहे. तो जितका सोपा वाटतो तितका सोपा नाही. त्याचा इतिहास पाहू गेल्यास एकच चूक निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा झालेली आढळते. तरंगले म्हणजे वाचले, अशी ती समजूत. लाकडाचा ओंडका तरंगतो, परंतु त्याला श्वास घ्यावयाचा नसतो. तान्हे मूल पाण्याच्या पृष्ठभागावर उत्तम तरंगत असेल, आणि त्याचे नाक व तोंड मात्र दोन बोटे खाली असेल, तर त्या तरंगण्याचा त्यास काहीच उपयोग नाही.

मोठ्या माणसांनी तरंगण्याची साधने फार प्राचीन काळीच शोधून काढली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूद येथील राजवाड्यातून आणलेले शिलापट आहेत. ते असुरनासिरपाल दुसरा या इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असीरियन राजाच्या काळचे होत. त्यांतील एका पटावर नदी पोहून जाणारी माणसे खोदली आहेत. त्यांच्या पोटाखाली फुगविलेली कातडी आहेत, आणि एक जण पोहता पोहता तोंडाने त्या कातड्यात हवा भरीत आहे. पंजाबच्या नद्यांवर अशाच फुगविलेल्या कातड्यांवर पालथे पडून माणसे पैलतीरास जात असत. महाराष्ट्रात हे काम भोपळ्याने केले. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्यास सांगड म्हणतात, आणि ‘सांगड घालणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार त्या बांधणीची आठवण देतो. विहिरीत पोहणे शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा बांधीत. पुढे रॉकेलचे डबे घरोघर आले, तेव्हा भोपळ्याची जागा बूच मारलेल्या रिकाम्या डब्याने घेतली.

पाठीवरचा भोपळा पोहणाऱ्यास चालतो, याचे कारण पोहणारा पालथा असतो. भोपळा त्याची पाठ वर धरतो. डोके वर धरण्याचे काम त्याची स्वतःची मान करते, आणि दम लागला तर हात मारून तो काठ गाठतो. आठ-दहा वर्षांच्या मुलास हे साधते. आठ महिन्यांच्या मुलास साधत नाही. त्यास पाठीवर भोपळा बांधून पाण्यात सोडले, तर भोपळा आपले काम चोख करील, पाठ वर राहील, आणि तोंड खाली जाईल.

असे असूनही पाठीवरचा भोपळा तान्ह्या मुलांच्या उपयोगी पडला आहे, आणि तो कसा, हे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर पाहावयास मिळते. कँटनपाशी मोती नदीत व हाँगकाँगच्या बंदरात टांका या नावाने ओळखले जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या नौकांवरच जन्मत, नौकांवरच संसार करीत व तेथेच मरत. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या कित्येक युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की, या नौकांवर रांगणाऱ्या व दुडूदुडू चालणाऱ्या मुलांच्या पाठीवर वाळलेला भोपळा, बांबूची पेरे किंवा हलक्या लाकडाचा ठोकळा बांधलेला असे. काही नौकांवर मुलाच्या कमरेस दोरी बांधून तिचे दुसरे टोक नौकेस अडकवीत. प्रवाशांना या प्रकाराचे कौतुक वाटले, थोडे हसूही आले. परंतु त्यात हसण्यासारखे काही नव्हते. आई तेथेच वल्हे मारीत असे. मूल पाण्यात पडले की भोपळ्यामुळे ते तळास जात नसे, कोठे पडले ते दिसे, आणि हात घालून किंवा आकड्याने ओढून काढण्यास धरावयाला काही तरी मिळे. मूल किती वेळ तरंगेल याचा हिशेब तिने केलेलाच नव्हता. आपला हात त्याच्यापर्यंत पोचण्यास जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ तिला हवा होता. पुढच्या काळात रबर, प्लॅस्टिक व नाना प्रकारच्या झडपा हाती असलेल्या कारखानदारांना जी गोष्ट उमगण्यास फार वर्षे लागली, ती या निरक्षर नावाडिणीस ठाऊक होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आता तान्हे मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे अष्टमांश असते. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चतुर्थांश असते. म्हणजे शरीराचा जड गोळा वरच्या टोकास, आणि तो पेलणारी मान अगदी कोवळी. खांदे अरुंद व उतरते. कंबर म्हणून काही नाहीच. छाती व पोट मिळून एक गोल नळकांडे असते. अशा देहाभोवती बांधलेला पट्टा पाण्यात सहज वर सरकतो व काखेतून निसटतो. प्रौढाचे डोके पाण्याबाहेर राहावे म्हणून त्याला साधारण तीन ते साडेपाच किलो वजनाइतका आधार पुरतो, कारण माणसाचा देह पाण्याहून फारसा जड नाही. घागर पाण्यात बुडालेली असताना हलकी व बाहेर काढताना जड लागते, हा घरोघरचा अनुभव येथेही लागू आहे. बाळाला तर याहून पुष्कळ कमी आधार पुरे होतो. तेव्हा अडचण आधार किती, ही नाही. तो आधार अंगाच्या कोणत्या भागास द्यावयाचा, ही आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात या विषयाकडे लक्ष गेले ते मुलांसाठी नव्हे, खलाशांसाठी. १८५४ साली इंग्लंडातील जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे अधिकारी कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी किंतानाच्या बंडीवर बुचाच्या पट्ट्या शिवून एक जाकीट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी गावाच्या किनाऱ्यावर मोठे वादळ होऊन तेथील जीवरक्षक नौका उलटली. तिच्यावरील तेरांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, आणि नवीन बुचाचे जाकीट घातलेला तोच एकटा होता. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? बुचाचे जाकीट सर्वत्र झाले. पुढे १९०४ च्या सुमारास बुचाऐवजी कापोक आला. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्याकडे उशागाद्यांत भरतात त्याच जातीचा. त्याच्या तंतूवर मेणासारखा थर असून आत हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो पाणी पीत नाही. बूच कडक असल्याने उंचावरून उडी घेणाऱ्याच्या हनुवटीवर ते आदळत असे. कापोकाने ते दुखणे गेले.

मुलांचा स्वतंत्र विचार मात्र टायटॅनिक बुडाल्यानंतर सुरू झाला. १९१२ च्या त्या अपघातानंतर जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे निरनिराळ्या राष्ट्रांनी जहाजांवरील सुरक्षिततेचा करार केला. त्यात प्रत्येक माणसामागे एक जाकीट असावे, व त्याखेरीज मुलांस योग्य अशी जाकिटे पुरेशी असावीत, असे कलम घातले. महायुद्धामुळे तो करार अमलात आला नाही. पुढच्याच वर्षी, ७ मे १९१५ रोजी, लुसिटानिया हे जहाज पाणतीराने अवघ्या अठरा मिनिटांत बुडाले व जवळजवळ १,२०० माणसे दगावली. त्यांत नव्वदांहून अधिक मुले होती. जाकिटे जहाजावर होती. परंतु घाईगर्दीत कित्येकांनी ती उलटी किंवा भलत्याच रीतीने घातली होती. जी वस्तू शांतपणे आरशासमोर उभे राहिल्यावरच नीट घालता येते, ती बुडत्या जहाजावर निरुपयोगी होय, हा धडा त्या दिवशी मिळाला. काशीचे नाव धारण करणारे ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकात बुडविले गेले. त्यावर बाँबहल्ल्यांपासून दूर, कॅनडास पाठविलेली ९० मुले होती, आणि खलाशांत हिंदी लोकांचा मोठा भरणा होता. मुलांना कापोकाची जाकिटे दिलेली होती. तरीही ९० पैकी ७७ मुले गेली. कित्येकांचा जीव थंडीने घेतला.

जाकीट घातलेला माणूस बेशुद्ध झाला तर काय होते, हा प्रश्न याच युद्धात कसोटीस लागला. वैमानिक समुद्रात उड्या टाकीत, जाकिटे घातलेली असत, आणि तरीही त्यांची प्रेते सापडत. कित्येकांची तोंडे पाण्यात असत. हुशार माणूस पाण्यात हातपाय मारून तोंड वर ठेवतो, त्यामुळे जाकिटाचा दोष झाकला जातो. दोष उघडा पाडावयाचा तर बेशुद्ध माणूसच पाण्यात सोडावयास हवा. सर रॉबर्ट मॅकिंटॉश हे ऑक्सफर्डचे भूलशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली एडगर पास्क नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने हे काम स्वतःच्या अंगावर घेतले. ईथरची भूल देऊन त्याला पूर्ण बेशुद्ध करीत, श्वासासाठी घशात नळी बसवीत, एकेक जाकीट त्याच्या अंगावर चढवीत आणि त्याला तलावात सोडीत. मग जाकीट त्याला उताणे करते की पालथे ठेवते, ते पाहत. पुष्कळ जाकिटांनी त्याला पालथेच ठेवले. असे प्रयोग एकदोनदा नव्हे, अनेकदा झाले. हवाई दलात, कधीही विमान न चालविता सर्वांत शूर ठरलेला माणूस, असा पास्कचा लौकिक झाला. पुढे तो न्यूकॅसल येथे भूलशास्त्राचा प्राध्यापक झाला व १९६६ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षाच्या आसपास, वारला. १९५७ मध्ये मॅकिंटॉश व पास्क यांनी जाकिटांच्या चाचणीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यामागे हा अनुभव होता.

पास्कच्या प्रयोगांचा बालकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. पाण्यात पडलेले तान्हे मूल जागे असले तरी, या एका बाबतीत ते भूल दिलेल्या पास्कसारखेच असते. त्याला आपले डोके आपण उचलता येत नाही, उलटे झाले तर सुलटे होता येत नाही, आणि हाकही मारता येत नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत क्वचित येणारा प्रसंग बाळाच्या बाबतीत नेहमीचाच. म्हणून पास्कने आपल्या देहावर जे सिद्ध केले, तेच बाळाच्या जाकिटाचे पहिले सूत्र ठरले. आधार छातीवर व मानेमागे असावा, पाठीवर मुळीच नसावा. म्हणजे देह उताणा होतो व मानेमागची गादी डोक्यास उशीसारखी पेलते. टांका आईच्या ठोकळ्याच्या हे नेमके उलट आहे. पण तिचा हात वीतभर अंतरावर होता, आणि जहाजावरून पडलेल्या मुलाजवळ तसा हात असेलच असे नाही.

आज जे चांगले बाळजाकीट मिळते, त्याचा प्रत्येक भाग वर सांगितलेल्या कोणत्या ना कोणत्या अडचणीस उत्तर म्हणून आलेला आहे. छातीवर दोन जाड गाद्या. मानेमागे रुंद गळपट्टी, तिच्यावर डोके टेकते. गोल अंगावरून जाकीट वर सरकू नये म्हणून मांड्यांमधून नेलेला पट्टा. हा बारीकसा पट्टा नसेल तर बाकीची सर्व योजना फुकट जाते, कारण जाकीट वर तरंगते आणि मूल खालून निसटते. गळपट्टीस मागे एक मजबूत मूठ शिवलेली असते; तिला धरून मुलास पाण्यातून उचलता येते. टांका आईचा आकडा तेथे या रूपाने परत आला आहे. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा, म्हणजे लाटांत दिसावा. बाळाचे जाकीट दुसऱ्यानेच घालावयाचे असते, तेव्हा बकले मोठी, थोडी व घाईतही लागणारी असावीत, हेही लुसिटानियाने शिकविलेले. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत १५ किलोंच्या आतील वजनाचे व १०० सेंटिमीटरांच्या आतील उंचीचे मूल ‘तान्हे’ समजले जाते. चोवीस तासांहून कमी प्रवास करणाऱ्या उतारू जहाजावर उतारूंच्या संख्येच्या अडीच टक्के, व त्याहून लांबच्या प्रवासात जहाजावर असलेल्या प्रत्येक तान्ह्यास एक, या प्रमाणात तान्ह्यांची जाकिटे ठेवणे १ जुलै २०१० पासून बंधनकारक झाले. १९१४ च्या कराराने ‘मुलांस योग्य’ एवढेच म्हटले होते. योग्य म्हणजे काय, हे आकड्यांत मांडावयास शंभराला चार कमी इतकी वर्षे लागली.

हा झाला जहाजांचा मार्ग. दुसरा मार्ग स्नानाच्या व पोहण्याच्या तलावाचा. त्यात मुलाला वाचविण्यापेक्षा रमविण्याचा हेतू अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू जर्सीमधील होबोकेन येथून कापडी ‘जलपंख’ विकले जाऊ लागले. कापड ओले करून फुगविले की धाग्यांच्या फटी मिटत व हवा आत टिके. ते काखेत धरून माणसे पोहणे शिकत. मुलांच्या दंडांवर घालण्याच्या आजच्या फुगीर पट्ट्या निराळ्या घटनेतून आल्या. जर्मनीत हँबर्ग येथील बर्नहार्ड मार्कविट्झ याची तीन वर्षांची मुलगी १९५६ साली सोनेरी माशांच्या तळ्यात बुडता बुडता वाचली. त्या धक्क्याने तो या खटपटीस लागला. पुढच्या वर्षी सोडतीत मोठी रक्कम मिळाल्याने त्यास भांडवल लाभले, आणि १९६४ साली त्याने आपल्या दंडपट्ट्या बाजारात आणल्या. कमरेच्या ट्यूबमधून मूल खाली घसरते किंवा ट्यूबसह उलटून पाय वर, डोके खाली असे अडकते, हा दोष त्याने टाळला होता. एकेका पट्टीत हवेचे दोन स्वतंत्र कप्पे, म्हणजे एक फुटला तरी दुसरा टिकतो. कल्पना हुशारीची होती, यात शंका नाही. परंतु तीही हात हलविणाऱ्या, मान धरलेल्या मुलासाठी होती. तान्ह्याच्या ओल्या दंडावरून पट्टी निसटण्यास कितीसा वेळ लागतो?

म्हणून तान्ह्यांसाठी बैठक असलेली तरंगती आसने निघाली. मध्ये दोन भोके, त्यांतून पाय खाली सोडावयाचे, भोवती फुगीर कडे, वर ऊन लागू नये म्हणून छत्रीसुद्धा. दिसावयास अगदी पाळण्यासारखी! जणू कर्णाची पेटीच परत आली. फक्त तिचा तळ कापून मुलाचे अर्धे अंग पाण्यात सोडलेले. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अशी सुमारे ४० लाख आसने बाजारातून परत मागविण्यात आली, कारण पायांच्या पट्ट्या फाटून मुले खाली पाण्यात पडल्याच्या ३१ तक्रारी आल्या होत्या. ती आसने २००२ पासून विकली जात होती. स्नानाच्या टबात बाळाला बसविण्यासाठी टबाच्या तळास चिकटणाऱ्या बैठका त्याआधीच घरोघर झाल्या होत्या. त्यांचा तरंगण्याशी संबंध नाही, परंतु त्यांची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. १९९७ साली अमेरिकेतील बालवैद्यकाच्या एका नियतकालिकात त्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८३ ते १९९५ या काळात अशा बैठकांत बसविलेली ३२ तान्ही मुले बुडून मेल्याची नोंद त्यात आहे, आणि बहुतेक प्रसंगी मोठे माणूस काही क्षणांकरिता बाजूला झाले होते. कोणाचा दरवाजा वाजला असेल, कोणाचे चुलीवर दूध असेल. बैठक नसती तर ती आई बाळाला टबात एकटे ठेवून उठलीच नसती. साधनाने तिच्या मनास जो निश्चिंतपणा दिला, तोच घातक ठरला. या बैठकांसाठी अमेरिकेत सक्तीचे मानक २०१० साली झाले.

याच जातीचे सर्वांत अलीकडचे साधन म्हणजे गळ्याभोवतीचे फुगीर कडे. दोन आठवड्यांच्या बाळापासून वापरा, अशी त्याची जाहिरात होई, आणि अशक्त मुलांच्या स्नायूंना व्यायाम मिळतो असेही सांगत. सर्व देह खाली लोंबता आणि त्याचा सर्व भार कोवळ्या मानेवर, ही रचना पाहूनच सुज्ञ माणसाने दचकावे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या विकारांनी पीडित बाळांना पाण्यातील उपचार म्हणून हे कडे घालू नये; एका बाळाचा मृत्यू झाल्याचे व एकास इस्पितळात न्यावे लागल्याचे त्या इशाऱ्यात नमूद आहे. युरोपच्या मानक क्रमांक १३१३८ मध्ये पोहणे शिकण्याच्या साधनांचे तीन वर्ग आहेत: अंगावर घालण्याची, हातात धरण्याची व बसावयाची. अशा साधनांवर ‘हे बुडण्यापासून रक्षण करीत नाही’ या अर्थाची सूचना छापलेली असते. जाकीट व ही साधने दुकानात एकाच फळीवर शेजारी मांडलेली असतात. सूचना मात्र बारीक अक्षरांत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. यांतील पुष्कळशी मुले तलावात खेळत नव्हती. ती घरामागच्या डबक्यात, विहिरीत, बादलीत गेली. त्यांच्या अंगावर जाकीट असण्याचा प्रश्नच नव्हता. बांगलादेशात या मुलांसाठी ‘आंचल’ या नावाची पाळणाघरे गावोगाव चालविली गेली. आई कामात असते त्या सकाळच्या वेळी गावातीलच एक बाई पाचपंचवीस मुले एका खोलीत सांभाळते. मोशेच्या बहिणीचे काम तेथे पगारी झाले, एवढेच.

मुंबईच्या बंदरास या विषयाची ओळख दुःखाने झालेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत त्या अमावास्येची आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या नीलकमल या उतारू बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक सात वर्षांचा मुलगा होता. मदतीस प्रथम धावलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी नंतर सांगितले की, बुडत्या बोटीवरील काही आईबाप आपली लहान मुले समुद्रात टाकण्याच्या तयारीत होते. बोटीबरोबर खाली जाण्यापेक्षा मूल वेगळे झाले तर कदाचित तरंगेल, एवढीच आशा त्यांना उरली असावी. जवानांनी ओरडून त्यांना थांबविले व मुलांना आधी आपल्या नौकेत घेतले.

त्यानंतर या बोटींवर उतारूंनी जाकिटे घातलीच पाहिजेत, अशी सक्ती झाली. बोटीच्या बाकाखालून काढून दिलेले जाकीट बहुधा प्रौढाच्या मापाचे असते. ते बाळाच्या मापाचे आहे की नाही, हे धक्क्यावरच पाहता येते. जाकीट बाळाला घालून सर्व बकले लावावी, मांड्यांमधील पट्टा ओढून घ्यावा, आणि दोन्ही हातांनी जाकिटाचे खांदे धरून बाळास वर उचलावे. बाळाची हनुवटी व कान गळ्याच्या वर राहिले तर जाकीट त्याचे आहे. ते आत गेले, तर जाकीट मोठे आहे. पाण्यात मूल त्यातून निसटेल.